सतरा माणके आणि एक सामायिक

व्यापारी घरातील मुलाला मालाची पारख शाळेत शिकावी लागत नाही. तुरीची मूठ हातात घेऊन ओलावा सांगणारे, थानाची किनार दोन बोटांत चोळून सुताचा अंदाज घेणारे, गुळाच्या ढेपेवर नख मारून तिचा कस ओळखणारे वडीलधारे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. या पारखीत नावाला फारसे स्थान नसते. माल स्वतः काय सांगतो, ते पाहिले जाते. मनगटावरच्या घड्याळाची परीक्षा मात्र आपण नावावर आणि किमतीवर सोडून देतो. खोक्यावर कोणत्या परदेशी कंपनीचे नाव आहे, एवढे वाचले की पारख संपली. आत काय आहे, ते कशाच्या बळावर चालते, कोणत्या भागावर किती मेहनत झाली आहे, हे विचारण्याची गरज कोणाला भासत नाही.

मी वापरतो ते घड्याळ एचएमटीचे ‘जनता’ आहे. रोज चावी द्यावी लागणारे, पोलादी, आजच्या मानाने आकाराने लहान. कोणत्याही लग्नाच्या मांडवात त्याच्याकडे कोणी वळून पाहणार नाही. गेली कित्येक वर्षे मी त्याच्या बारीकसारीक गोष्टी न्याहाळत आलो आहे. स्वस्त वस्तूच्या अंतरंगातही सचोटी किती खोलवर जाऊ शकते, हे मला या घड्याळात दिसले. व्यापारी कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या या मासिकात त्याविषयी लिहावेसे वाटले, ते याच कारणाने.

‘हिंदुस्थान मशीन टूल्स’ ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूरला स्थापन झाली. यंत्रे घडवणारी यंत्रे तयार करणे हे तिचे मूळ काम. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने बंगळूरलाच घड्याळांचा कारखाना सुरू केला. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि राणीबाग येथेही कारखाने निघाले. शिक्षक, कारकून, रेल्वेतील कर्मचारी, पेढीवरचे मुनीम अशा बेताच्या मिळकतीच्या माणसांच्या मनगटावर घड्याळ आले, ते मुख्यतः या कारखान्यांमुळे. ‘जनता’ हे नाव त्या घड्याळाला शोभून दिसते. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली, बाजार बदलला, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. कारखाने बंद झाले. घड्याळे मात्र अजून चालत आहेत.

प्रथम बाहेरची बाजू पाहू. काच सपाट नसून मध्ये किंचित फुगीर आहे. ती अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. तिच्यावर चरे लवकर उठतात. पण पॉलिश लावून मऊ कापडाने काही वेळ घासले की बारीक चरे निघून जातात. महागड्या घड्याळाच्या काचेवर सहसा चरा उठत नाही. मात्र ती फुटली की बदलण्यावाचून गत्यंतर नसते. तबकडीवर कंपनीचे नाव, ‘जनता’ हा शब्द, माणकांची संख्या आणि तळाशी अगदी बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडिया’. काही तबकड्यांवर हे सारे देवनागरीत असते, अंकही आपलेच. भिंगाखाली धरले तर या बारीक अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसतात, शाई कोठे पसरलेली नसते. मिनिटांच्या साठही रेघा समान अंतरावर असतात. मिनिटकाट्याचे टोक त्या रेघांपर्यंत नेमके पोहोचते, ना अपुरे ना पुढे गेलेले. काटा आखूड असता तर दोन रेघांमधली वेळ डोळ्यांना अंदाजाने घ्यावी लागली असती. काट्याची ही लांबी कोणीतरी विचारपूर्वक ठरवली आहे.

सेकंदकाट्याकडे काही क्षण टक लावून पाहावे. सेलच्या घड्याळाचा काटा सेकंदाला एक उडी घेतो. ‘जनता’चा काटा एका सेकंदात पाच लहान पावले टाकतो, ती इतकी जवळजवळ पडतात की काटा सरकत असल्याचा भास होतो. कानाशी धरले तर त्याच पाच ठोक्यांचा नाद ऐकू येतो. तासाला १८,००० ठोके. दिवसाला ४,३२,०००. वर्षाला १५ कोटी ७६ लाख ८० हजार. सगळे काही रोज सकाळी दोन बोटांनी दिलेल्या चावीच्या बळावर.

ही चावी देण्यातही एक अनुभव आहे. आरंभी ती हलकी फिरते, मग हळूहळू जड होते आणि शेवटी थांबते. थांबल्यावर जोर करायचा नसतो. चावी देताना आत गुंडाळली जाणारी पोलादी पट्टी, म्हणजे मेन स्प्रिंग, पुढे साधारण दीड दिवस उलगडत राहते. मोकळी सोडली तर ती काही सेकंदांत सारी शक्ती उधळून टाकील. ती शक्ती थेंबाथेंबाने खर्च करणे, हेच घड्याळाचे खरे काम. त्यासाठी आत चाकांची साखळी असते आणि तिच्या शेवटी एक लहानसा पहारेकरी. बॅलन्स नावाचे चाक केसाहून बारीक स्प्रिंगच्या आधाराने मागे-पुढे झुलते. प्रत्येक झोक्याला ते एका चिमुकल्या तरफेला हलवते. तरफ दात्यांच्या चाकाचा एक दाता सोडते आणि लगेच त्याला पुन्हा अडवते. आपण ऐकतो तो टिकटिक आवाज या सोडण्या-अडवण्याचा आहे. हा नागमोडी स्प्रिंगचा विचार ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६७५ साली मांडला. तरफेची रचना थॉमस मज या इंग्रज कारागिराने अठराव्या शतकाच्या मध्यास केली. त्या काळी अशा वस्तू राजेरजवाड्यांनाच परवडत. तीच रचना दोनशे वर्षांनी आपल्या मुनिमाच्या मनगटावर आली.

आता सतरा माणकांविषयी. ही माणके शोभेसाठी नसतात आणि सराफाकडे नेली तर त्यांचे काहीही मिळणार नाही. अखंड फिरणाऱ्या पोलादी आसाची टोके धातूच्या भोकात ठेवली तर दोन्ही झिजतात. म्हणून माणकाला भोक पाडून त्यात आस बसवण्याची युक्ती निकोला फातियो या गणितज्ञाने लंडनमध्ये काढली आणि १७०४ साली तिचे पेटंट घेतले. तेव्हा खरी रत्ने वापरावी लागत. १९०२ साली ऑग्युस्त व्हेर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली आणि ही सोय स्वस्त घड्याळालाही परवडू लागली.

सतरा या संख्येचा हिशेब आपल्या लोकांना आवडेल असा आहे. सर्वसाधारण सतरा माणकांच्या घड्याळात तरफ व चाके धरून पाच आस असतात. त्यांच्या दोन-दोन टोकांना मिळून दहा. बॅलन्सच्या आसाला चार. दोन टोकांना आधार द्यायला आणि दोन त्यांवर झाकण म्हणून. तरफेच्या दोन हातांना दोन. बॅलन्सकडून तरफेला धक्का देणारे एक. एकूण सतरा. यांतील एकही कमी केले तर कोठेतरी झीज सुरू होते, आणि वाढवले तर साध्या घड्याळाला त्याचा फारसा उपयोग नाही. गरजेइतके सर्व आणि गरजेबाहेर काही नाही, असा हा जमाखर्च आहे.

बॅलन्सच्या आसाची टोके साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असतात. घड्याळ हातातून पडले तर प्रथम तीच मोडणार. म्हणून त्यांची माणके लवचिक स्प्रिंगवर बसवलेली असतात; धक्का बसला की माणिक किंचित सरकते आणि पुन्हा जागेवर येते. तबकडीवरील ‘पॅरा शॉक’ हे शब्द याच व्यवस्थेविषयी आहेत. उन्हाळ्या-हिवाळ्यात झुलणाऱ्या स्प्रिंगचा गुण बदलू नये, यासाठी निकेल मिसळलेले खास पोलाद लागते. त्या मिश्रधातूंच्या शोधासाठी शार्ल एद्वार गियोम यांना १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साध्या दिसणाऱ्या वस्तूच्या पोटात एवढी विद्या साठलेली असते.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर वेळ अचूक दाखवण्यात सेलचे शंभर-दोनशे रुपयांचे घड्याळही ‘जनता’ला मागे टाकील. माझे घड्याळ दिवसाला सुमारे तीस सेकंद पुढे जाते. मात्र हीच गोष्ट तागडीवर मांडून पाहावी. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यांत तीस सेकंदांचा फरक म्हणजे २,८८० भागांत एक भाग. धान्याच्या एका क्विंटलमागे सुमारे ३५ ग्रॅम. रोज हलणाऱ्या, कधी उभ्या तर कधी आडव्या होणाऱ्या, कधी थंडीत तर कधी घामात राहणाऱ्या यंत्राने हे माप सांभाळावे, याचे मला नवल वाटते. आपल्या दुकानातील वजनकाटा ठरल्या मुदतीत पडताळून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. घड्याळातही त्यासाठी सोय असते. बॅलन्सच्या वर एक लहानशी दांडी असते. ती एका बाजूला सरकवली की घड्याळ जलद होते, दुसऱ्या बाजूला सरकवली की मंद. जाणकार कारागीर ती इतकी अल्प सरकवतो की पाहणाऱ्याला काही हलले असे वाटतही नाही.

मग अचूकता अधिक असलेले सेलचे घड्याळ सोडून हे का ठेवावे? आपल्या घरांपुरते एक उत्तर धर्मक्रियेत आहे. विजेच्या वापरात तेउकायाच्या जीवांची विराधना मानून सामायिकात सेलच्या घड्याळाचा स्पर्श टाळण्याची मर्यादा आपल्यातील अनेक परंपरांत पाळली जाते. याविषयी परंपरांत मतभेद आहेत. तरीही पूज्य साधू-साध्वीजींना गोचरी वहोरावण्यापूर्वी हातातील घड्याळ काढून ठेवणारे श्रावक-श्राविका आपण सर्वांनी पाहिले आहेत. चावीच्या घड्याळात सेल नाही, वीज नाही. आमच्या मातोश्री सामायिकाला बसत तेव्हा समोर रेतीची घडी ठेवत. पुढे दृष्टी मंद झाली आणि रेती संपली की नाही, हे त्यांना दिसेनासे झाले. तेव्हा त्यांनी ‘जनता’ घड्याळ मागून घेतले. मिनिटाच्या काळ्या काट्याची जागा पांढऱ्या तबकडीवर त्यांना ओळखू येई. शिवाय त्याची टिकटिक ऐकत मन जपात स्थिर होते, असे त्या म्हणत. एवढे मोठे कौतुक त्या घड्याळाचे दुसऱ्या कोणी केलेले मला आठवत नाही.

एक सामायिक म्हणजे एक मुहूर्त, दोन घटका, ४८ मिनिटे. घटका आणि घड्याळ हे शब्दही एकाच कुळातले. या ४८ मिनिटांत ‘जनता’चे १४,४०० ठोके पडतात. आपल्या शास्त्रकारांनी मुहूर्ताचे मोजमाप याहून कितीतरी सूक्ष्म केले आहे. सात श्वासोच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, ७७ लवांचा एक मुहूर्त; म्हणजे मुहूर्तात ३,७७३ श्वासोच्छ्वास. त्याच मुहूर्तात १,६७,७७,२१६ आवलिका, आणि एकेका आवलिकेत असंख्यात समय. समय म्हणजे ज्याचे आणखी विभाजन होऊच शकत नाही असा काळाचा अंश. कोणतेही घड्याळ तेथवर पोहोचणार नाही. पण सेकंदाचे पाच भाग करणारा काटा पाहताना एक गोष्ट मनात उतरते. आपण ‘एक सेकंद’ म्हणून जे सहज सोडून देतो, ते एकसंध नाही. त्याच्या आतही काही घडून गेलेले असते. गौतमस्वामींना वारंवार केला गेलेला अप्रमादाचा उपदेश समयाच्याच मापाने का केला असेल, याचा थोडासा अर्थ तेथे उमगतो.

अहिंसेच्या दृष्टीने या घड्याळाकडे पाहताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली पट्ट्याची. कातड्याचा पट्टा काढून पोलादी किंवा नायलॉनचा बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि आपल्या घरांत ते बहुधा होतेच. दुसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते, ती तेलाची. माणकाच्या वाटीत सुईच्या टोकावर मावेल एवढा तेलाचा थेंब असतो. पूर्वी घड्याळांसाठी सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढलेले तेल वापरले जाई. आज कृत्रिम तेल सर्वत्र मिळते आणि ते अधिक टिकतेही. घड्याळ साफ करायला देताना कोणते तेल घालणार, एवढे विचारून घ्यावे. हे तेल चार-पाच वर्षांत सुकते. तेव्हा मशीन पूर्ण उघडून, धुऊन, पुन्हा तेल घालावे लागते. एवढी जयणा पाळली तर असे घड्याळ एका पिढीकडून दुसरीकडे जाते. झिजलेला भाग काढून त्या जागी दुसरा बसवता येतो. संपूर्ण वस्तू फेकावी लागत नाही.

याच जुन्या घड्याळांच्या बाजारात आपल्या व्रताशी थेट संबंध असलेला एक प्रकार दिसतो. कारखाने बंद झाल्यावर या घड्याळांना शौकीन मिळाले, मागणी वाढली आणि नकली मालही आला. जुन्या तबकडीवर नवा भडक रंग चढवायचा, त्यावर कंपनीचे नाव छापायचे, आत चार घड्याळांचे सुटे भाग जोडून मशीन बसवायचे आणि ‘अस्सल, न वापरलेले’ म्हणून विकायचे. दुरुस्त केलेले घड्याळ तसे सांगून विकण्यात काही वावगे नाही. तसे न सांगणे हा दोष आहे. अदत्तादान-विरमण व्रताच्या पाच अतिचारांत खोटी मापे आणि प्रतिरूपक व्यवहार यांची गणना केली आहे, हे प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रतिरूपक व्यवहार म्हणजे अस्सल मालासारखा दिसणारा हलका माल अस्सल म्हणून देणे. चोरीच्या व्रतात त्याचा समावेश केला गेला, यावरून आपल्या पूर्वसूरींना बाजार किती ठाऊक होता, ते कळते.

नकली तबकडी ओळखायला भिंग पुरते. अक्षरांच्या कडा जाड व फुटलेल्या असतात. मिनिटांच्या रेघा बाराच्या अंकाशी नेमक्या जुळत नाहीत. काटे तबकडीच्या मानाने लांब वा आखूड असतात. म्हणजे ज्या बारकाव्यांचे वर कौतुक केले, नेमके तेच बारकावे खोटेपणा उघडा पाडतात. ज्याने मूळ घड्याळ केले, त्याने स्वस्त किमतीतही काट्याची लांबी सोडली नाही. ज्याने नक्कल केली, त्याला फक्त दुरून दिसण्यापुरते काम करायचे होते. कोणत्याही मालात या दोन वृत्ती वेगळ्या करता येणे, हीच पारख. आणि आपल्या गल्ल्यावरून जाणारा माल यांपैकी कोणत्या वृत्तीचा आहे, हे तपासणे गिऱ्हाइकाच्या आधी आपले काम आहे.

आज आपल्या समाजात साखरपुड्याला, लग्नाला घड्याळ देण्याची रीत आहे. त्या घड्याळाच्या किमतीची चर्चा पंगतीत होते आणि पुढच्या घराला त्याहून वरचे द्यावे लागते. ज्यांना झेपते ते देतात. ज्यांना झेपत नाही तेही देतात, आणि त्याचा ताण मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर दिसतो. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणाऱ्या समाजात एका वस्तूने एवढा भार का टाकावा? महाग घड्याळे वाईट असतात, असे माझे म्हणणे नाही. त्यांतही उत्तम कारागिरी असते. पण देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ती कारागिरी पाहिलेलीच नसेल, तर दिली-घेतली गेली ती केवळ किंमत.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. घरातील मुलगा किंवा मुलगी प्रथमच पेढीवर बसेल, त्या दिवशी त्याला किंवा तिला चावीचे एक साधे घड्याळ द्यावे. अस्सल, नीट तपासून घेतलेले. मनगटावर बांधण्यापूर्वी जवळच्या जुन्या घड्याळ-कारागिराकडे नेऊन त्याचे मागचे झाकण उघडून दाखवावे. झुलते चाक, लाल माणके, एकेक दाता सोडणारी तरफ हे सारे भिंगातून पाहू द्यावे. गिऱ्हाइकाला जी बाजू कधीच दिसणार नव्हती, तीही एवढी चोख केलेली आहे, एवढेच त्या वेळी सांगावे. माल कसा द्यावा, यावर वेगळे व्याख्यान देण्याची गरज बहुधा उरणार नाही.